पोकळीचा अंदाज आणि ताईचा आकडा

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला असावा अशी आशा आहे (नुसती आशा, पुरावा हाती नाही). माझी प्रकृती बरी आहे, म्हणजे तक्रार करावी इतकी वाईट नाही आणि कुणी विचारपूस करावी इतकीही नाही.

माझं काम तुला माहीत आहे. जागेतून सगळं काढून घेतलं तरी जी पोकळी उरते ती रिकामी नसते. तिच्यात क्वार्क नावाच्या अतिसूक्ष्म कणांच्या जोड्या दाटलेल्या असतात. किती दाट, याचा अंदाज मी बांधतो. पोकळीला पट्टी लावता येत नाही, म्हणून इतर कणांच्या वजनांवरून उलटा हिशेब करायचा. (भावोजी म्हणाले होते, ‘काहीच नाही त्यात किती आहे हे मोजायला पगार देतात?’ देतात. अजून तरी.)

आमच्यात एक रीत आहे. अपेक्षित उत्तर डोक्यात असलं की माणूस नकळत तिकडे झुकतो. म्हणून आमचे साहेब प्रत्येकाच्या आकड्यांना एका गुप्त आकड्याने गुणून ठेवतात आणि शेवटी सगळ्यांसमोर भागतात. गेल्या वर्षी मला शंका आली की साहेबांचा आकडा मी मनातल्या मनात ओळखला आहे. शहाण्या माणसाने ती गिळली असती. मी तुला, तू इथे राहायला आली होतीस तेव्हा, संगणकासमोर बसवलं, स्वतः भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं, एकाहून मोठा कुठलाही आकडा घाल, माझं सगळं त्याने आणखी एकदा गुणलं जाईल, अपूर्णांक चालेल, पण मला सांगू नकोस. तू म्हणालीस, ‘शंकासुरा, पन्नाशी आली की रे!’ आणि घातलास. मोह नको म्हणून मी त्याची खूणही पुसून टाकली. साहेबांना सांगितलं नाही, कारण ते हसले असते.

परवा उत्तर उघडलं. साहेबांनी आपल्या आकड्याने भागलं, आणि माझी पोकळी जगातल्या सगळ्यांच्या पोकळीपेक्षा भलतीच दाट निघाली. साहेब शांतपणे म्हणाले, ‘काय काय कोंबलंत हो हिच्यात?’ तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तुझा आकडा अजून आतच आहे. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, याचंच जास्त वाईट वाटलं. ‘म्हणजे हे सगळं काम तुमच्या ताईंच्या आठवणीवर उभं आहे?’ एवढंच म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून करायला वर्ष लागेल, आणि माझी नेमणूक वाढवायची की नाही हे येत्या शुक्रवारी ठरतं आहे. बहुधा नाही. मी त्यांच्या जागी असतो तर नाहीच म्हटलं असतं, आणि वर कारणंही जोडली असती.

असो. गुडघ्याला जप. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. – तू कोणता आकडा घातला होतास? मला कळवू नकोस, थेट साहेबांना कळव. पत्ता पाकिटाच्या मागे आहे. फोन मुद्दामच केला नाही, कोणता आकडा सोयीचा याचा तुला माझ्या आवाजावरून सुगावा लागला असता.

ता. क. २ – आठवत नसेल तर तसं स्पष्ट लिही. माझी नोकरी वाचावी म्हणून सोयीचा आकडा आठवू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तशी वाचलेली नोकरी मला एक दिवस सुखाने करता येणार नाही.

ता. क. ३ – साहेबांच्या मते तो आकडा अडीच ते पावणेतीनच्या दरम्यान असता तर सगळं जुळलं असतं. हे तुला लिहायला नको होतं. कागद बदलणारच होतो, पण टपाल निघायची वेळ झाली आहे.