जाळीसाठी केलेली सही

अब्बा,

एकदा मी केस मोकळे सोडून तुमच्या जुन्नरच्या वर्कशॉपमध्ये आले आणि थेट लेथजवळ उभी राहिले. तुम्ही मशीन बंद केलं, गिऱ्हाइकांसमोर मला बाहेर काढलं आणि केस बांधून येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. तेव्हा तुमचा फार राग आला होता. आता माझी नोकरीच ती आहे. पेठ गावाजवळ भाज्या निवडून, चिरून पॅक करणाऱ्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे.

गेल्या महिन्यात तिथल्या एका मावशींचा पदर भाजी पुढे नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या रोलरमध्ये गेला. शेजारणीनं पट्टा थांबवायचं बटण दाबलं म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावलं. रोलरला जाळी नव्हती. वर्षभर मी मागत होते. कायद्याची कलमं, फोटो, पानंच्या पानं अहवाल. मॅनेजर साहेब चाळायचे आणि बाजूला ठेवायचे. या वेळी एकच कागद केला: चार जाळ्या, बसवणार कोण, आणि काम जेवणाच्या सुट्टीत होईल, कामाच्या वेळात पट्टा थांबवावा लागणार नाही. मग साहेबांना पट्ट्याजवळ नेलं आणि जुन्या साडीचा तुकडा लांबूनच रोलरवर टाकला. पापणी लवायच्या आत तो आत ओढला गेला. साहेब दोन पावलं मागे सरले.

केबिनमध्ये ते म्हणाले, "जाळ्या उद्याच बसवू. फक्त त्या दिवसाच्या नोंदीत कामगाराचा निष्काळजीपणा असं लिहा. वर मला उत्तर द्यावं लागतं."

मी नाही म्हणेन असं मलाच वाटत होतं. पण काचेतून पट्टा दिसतोय, रोलर उघडे आहेत, बायका वाकून मटार निवडतायत. मी लिहिते आणि सही करते.

जाळ्या बसल्या. परवा मावशी भेटल्या. जाळी लई चांगली झाली म्हणाल्या. मग मनगट चोळत म्हणाल्या, "पर चूक माझी व्हती असं कागदावर हाय म्हनं. मी तर रोजच्यावानीच उभी व्हते. कुनी लिवलं ओ, म्याडम?"

"ऑफिसनं," मी म्हणाले.

त्या मान हलवून कामाला लागल्या. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. नोंद बदलायचा अर्ज लिहायला घेते; पहिल्याच ओळीत 'मी खोटं लिहिलं' असं येतं आणि पेन थांबतं. अम्मीला यातलं काही माहीत नाही. खरं सांगू, अब्बा? तुम्ही असता, तर तुमच्यापासूनही लपवलं असतं.