आनचिंगच्या वेशीवर थांबलेले मातीचे घोडे

मी, यिन ग्वेइलान, दिवंगत वेइ शौरन यांची पत्नी, राहणार क्वोयांग, क्वो नदीच्या उत्तर काठची कुंभारगल्ली, धंदा मातीची खेळणी करणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. अक्षर वाकडे आहे ते थंडीने. मला कोणीही भरीस घातलेले नाही; घालू पाहणारे आता उरलेही नाहीत.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक माझी मुलगी च्यालिंग हिची. मागच्या अंगणातली भट्टी तिने मोडली तरी माझी हरकत नाही, पण आधी पुरती निवू द्यावी. विझल्यावरही त्या भट्टीत कोणीतरी हळू बोलत असल्यासारखे वाटते, ते बोलणे तोडू नये.

२. साचे व कोरण्या गल्लीतल्या कारागिरांनी वाटून घ्याव्यात. गाढवाचा साचा मात्र लेइकाकूंना द्यावा. भर जत्रेत त्यांनी माझ्या घोड्यांना गाढवे म्हटले होते. त्यांना ओळख पटावी.

३. मधल्या खोलीतला, फासे टाकून खेळायचा लढाईचा पट. याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

जुन्या काळी बादशाहीविरुद्ध दोन बंडे उठली. दक्षिणेत लांब केस राखणारे थायफिंग, आणि आमच्या गव्हाच्या मुलखात घोड्यांवरचे न्यान. दोघांनी हातमिळवणी केली, पण ती कधी टिकली, कधी विरली. माझे पणजोबा न्यानांत होते. माझे दीर वेइ शौथियेन नोकरीसाठी आनचिंगला गेले आणि तिथलेच झाले. ते शहर थायफिंगांच्या हाती असताना त्याला बादशाही फौजेचा वेढा पडला होता. म्हणून दर नववर्षाला ते घरी आले की पट मांडला जाई. थायफिंग त्यांचे, न्यान माझे, आणि बादशाही फौज शेजारच्या चिआओ दशुन यांची. सगळी माणसे, सगळे घोडे मी घडवलेले. खेळताना नदीवरचे धुके खोलीत येई, आणि पटावरची नदी कोणती व खिडकीबाहेरची कोणती हे कळेनासे होई.

एक नियम माझा होता. पटावर महिने मोजत जायचे, आणि गहू पिकायचा महिना लागला की न्यान घरी परततात. पणजोबांच्या काळी आमच्या गावात तसेच घडत असे.

एका वर्षी दीर पटावरच्या आनचिंगमध्ये कोंडले गेले. मी कुमक घेऊन निघाले, पार वेशीजवळ पोहोचले, आणि गव्हाचा महिना लागला.

"वहिनी, एवढीशी दौड राहिलीय. आत माणसं उपाशी आहेत."

"गहू पिकलाय, भावजी."

"मातीच्या घोड्यांना कसला आलाय गहू?"

"मग मातीच्या माणसांना भूक कसली?"

मी घोडे वळवले. चिआओंनी शहर घेतले, वर ते हसलेही. दीर टोपी घालून जे गेले, ते वर्षानुवर्षे आले नाहीत. माझे यजमान वारले तेव्हा येऊन शवपेटीपुढे वाकले आणि चहा न घेता परतले. मला वाईट वाटले. नियम मात्र बरोबर होता, आजही तेच म्हणते.

गेल्या हिवाळ्यात त्यांची मुलगी यूआन त्यांना घेऊन आली. अर्धे अंग गेलेले, शब्द मोजकेच उरलेले. त्यांनी पटाकडे बोट केले. मी चिआओंना बोलावून तोच वेढा मांडला.

पुन्हा वेशीजवळ पोहोचले, पुन्हा गव्हाचा महिना लागला. बाहेर सगळे पांढरे होते. कुठेतरी घोडे श्वास सोडत होते, मी शपथेवर लिहीत आहे. मी घोडे शहरात घालायला उचलले, तर दिरांनी चांगल्या हाताने माझे मनगट धरले.

"गहू," ते म्हणाले.

मग त्यांनी वेस उघडली. एकेक लांब केसवाला उचलून माझ्या घोडेस्वारांमागे उभा केला. दुपार त्यातच गेली. कोणी घाई केली नाही. शहर ओस पडले आणि दोन्ही फौजा मिळून आमच्या शेतांकडे निघाल्या.

"वेढ्यातून असं चालत बाहेर पडता येतं होय?" चिआओ म्हणाले. नियमाने त्यांना पाठलाग करता येत होता. फासे त्यांच्याच मुठीत होते.

"टाका की फासे," मी म्हणाले.

ते दिरांच्या हाताकडे बघत राहिले. "जाऊ देत, ग्वेइलानबाई. माझी माणसं झोपलीत."

दीर वसंतात आनचिंगला वारले.

हा पट वेइ यूआन हिला मिळावा. स्वार आणि पायदळ गव्हात मिसळून उभे आहेत, तसेच न्यावेत. कोण कोणाचा हे आता मलाही ओळखता येत नाही. दोन्ही फौजा पुन्हा वेगळ्या करू नयेत.

४. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. म्हणून चिआओ दशुन यांना साक्षीदार केले आहे.

लिहून देणार: यिन ग्वेइलान (सही व अंगठा)

साक्षीदार: चिआओ दशुन (सही, "कलम चार वाचले. मान्य.")
साक्षीदार: फू मिंगच्वे, औषधवाले (सही)

क्वोयांग, ९ नोव्हेंबर २०१९