मुलींच्या संडासाचं कुलूप

बाई, परवा आपल्या शाळेत मुलींच्या शिक्षणावर कार्यक्रम होता आणि माजी विद्यार्थिनी म्हणून मला स्टेजवर बसवलं होतं. प्रमुख पाहुणे होते तुमच्या वेळचे मुख्याध्यापक. केस पांढरे झालेत, आवाज तोच. म्हणाले, "मुलींच्या शिक्षणासाठी या शाळेने नेहमीच पुढाकार घेतला." टाळ्या पडल्या. तुमचं नाव कोणी घेतलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला ते सहन झालं नाही.

मी नववीत होते. मुलींच्या संडासाला कुलूप आणि किल्ली या सरांच्या टेबलाच्या खणात. तपासणीला साहेब आले की ते उघडायचं. आम्ही सकाळपासून पाणी प्यायचो नाही, पाळीच्या दिवसांत शाळेतच यायचो नाही, आणि वर म्हणायचे, मुलींचं अभ्यासात लक्ष नसतं. लघवीची जळजळ होऊन मी तापाने पडले, तेव्हा आईने माझं दप्तर माळ्यावर टाकलं. बरी झाल्यावर मी तिच्याबरोबर पनवेलच्या मासळी बाजारात बसायला लागले. तिथे तुम्ही आलात, ओल्या फरशीवरून, साडी सावरत. मला वाटलं, आता आईला शिक्षणाचं महत्त्व ऐकवणार. आई कोलंबी सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाई, मना शिकवू नका. पोर दिसभर पानी पीत नाय. तुमच्या शालेत तिला जायला जागा हाय का?" तुम्ही म्हणालात, "नाही. चूक आमची आहे."

पुढचं मैत्रिणींनी सांगितलं. मधल्या सुट्टीत तुम्ही वर्गातल्या सगळ्या मुलींना घेऊन सरांच्या खोलीत गेलात आणि किल्ली मागितलीत. ते म्हणाले, "मुली घाण करतात. पाहुण्यांसाठी एक तरी जागा नीट नको?" तुम्ही म्हणालात, "मग आजपासून या पाहुण्या समजा." किल्ली हातात पडेपर्यंत तुम्ही कोणाला हलू दिलं नाहीत. मी शाळेत परत आले, दहावी झाले, पुढे शिकले. तुमची मात्र वर्ष संपायच्या आत संस्थेच्या लांबच्या शाळेत बदली झाली. कारण काय, तर वरिष्ठांशी उद्धटपणा. साधा निरोप समारंभही केला नाही त्यांनी.

परवा माईक हातात आला तेव्हा मी हे सगळं सांगितलं. नंतर आठवीतली एक मुलगी जिन्यापर्यंत मागे आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, कुलूप आतापण असतं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिकडे खारघरला टॉवर उभे राहिले, शाळेत कॉम्प्युटर आले, आणि ही पोर अजून मांड्या आवळून गणितं सोडवते. तिला घेऊन मी आताच्या मुख्याध्यापिकांकडे गेले. त्या म्हणाल्या, "सफाईला माणूस मिळत नाही हो." मी विचारलं, "तुमच्या संडासासाठी मिळतो ना?" त्यांनी किल्ली पुढे केली. तेवढ्यात कोपऱ्यात वह्या तपासत बसलेली एक तरुण शिक्षिका उठली. "किल्ली कशाला? कुलूपच काढू या," म्हणाली, आणि त्या मुलीला घेऊन निघालीसुद्धा. मुख्याध्यापिकांचा चेहरा बघून मला तिची काळजी वाटली.

सगळे म्हणतात, अशी बाई लाभल्यावर तू शिक्षिकाच व्हायला हवी होतीस. मी लॅबमध्ये रक्त तपासते. कोणी विचारलं की सांगते, विज्ञानाची आवड होती. हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून खरं लिहिते. तुमचं काय केलं ते मी पाहिलं होतं, बाई. मला भीती वाटली.