गाडी सरकते की सरकवली जाते?

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे या खेपेला शब्दशः घे. कंबर धरल्यामुळे हे पत्र पालथा पडूनच लिहितो आहे. कारण पुढे येईल.) तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? नवीन डॉक्टर गाठला असशील तर जरा जपून. हल्ली विश्वास ठेवावा असा माणूस उरलेला नाही, असं मी परवा दुपारपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

डोळ्यांमुळे तू गाडी चालवणं सोडलंस आणि ती मला दिलीस, तेव्हापासून तिला मी पोटच्या पोरीसारखी जपतो. आमची गल्ली उताराची. गाडी मी आमच्या फाटकासमोर, तोंड उताराकडे करून लावतो. थकून आलेल्या इंजिनाला उगाच गिअरमध्ये अडकवून ठेवू नये म्हणून न्यूट्रलला ठेवतो, आणि हँडब्रेकची केबल ताणू नये म्हणून तो अगदी अलगद, दोनच टिचक्या ओढतो. (तुझी वहिनी, म्हणजे चुकलो, माझी बायको रोज विचारायची, ‘‘गिअर टाकलात ना?’’ बायकांना यंत्राची दया नसते.) चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की गाडी लावली होती तिथे नाही. चार बोटं खाली आहे. दुसरा कुणी असता तर त्याला ते दिसलंही नसतं. पण पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस मी. ओळ केसभर घसरली तरी मला घास उतरत नसे. मी खडूने रस्त्यावर रेघ मारली. दुसऱ्या दिवशी गाडी वीतभर खाली!

आता आमच्या खालच्या अंगाला कोण राहतं? दातांचे डॉक्टर. दवाखान्यासमोर पेशंटच्या गाड्यांना जागा कुणाला हवी? दातांच्या डॉक्टरांना. शिवाय हा माणूस मला पाहून हसतो. अकरा वर्षं हसतो आहे. (बायकोची कवळी त्यांच्याकडेच तयार होत असल्याने मला इतके दिवस गप्प बसावं लागलं.) मग पुरावे मिळू लागले. पुढच्या चाकाखाली एकदा वीट सापडली. टायर फोडायचा सरळसरळ डाव! मी ती काढून घरात आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुसरी वीट. तीही आणली. तिसरी आणल्यावर बायको म्हणाली, ‘‘घर बांधायचं आहे का?’’

त्यानंतर वायपरखाली चिठ्ठी आली, खाली सही नाही. ‘‘तुमची गाडी सरकते. काळजी घ्या.’’ दादा, ‘काळजी घ्या’ हे शब्द असे एकटे उभे केले की ती धमकी होते, हे तुला सांगायला नको. आणि ‘सरकते’? गाडी आपणहून सरकते होय? मी लाल शाई घेतली, ‘सरकते’वर काट मारली, ‘सरकवली जाते’ अशी दुरुस्ती केली, समासात ‘कोणाकडून?’ असा प्रश्न टाकला आणि चिठ्ठी दवाखान्याच्या दाराखालून आत सारली.

परवा दुपारी त्यांना रंगेहाथ पकडायचं ठरवलं. मागच्या सीटवर आडवा झालो आणि अंगावर जुनी चादर ओढून तिला एक भोक ठेवलं. बहुधा मी आत शिरताना बसला त्या हादऱ्याने असेल, पण पाचच मिनिटांत गाडी हलली. माझं काळीज आनंदाने उडालं. सापडला चोर! चादर फेकून मी उठलो आणि मागच्या काचेतून पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं. पुढे पाहिलं तर डॉक्टर पांढऱ्या कोटात, दोन्ही हात बॉनेटला लावून, पाय रोवून, गाडी वरच्या बाजूला रेटत होते. चेहरा लालबुंद. ‘‘ब्रेक! आधी ब्रेक!’’ एवढंच ओरडत होते. मी दोन सीटांच्या मधून सूर मारला. (कंबर इथे गेली.) पाय वर, डोकं खाली, अशा अवस्थेत मी पायाचा ब्रेक दोन्ही हातांनी दाबून धरला. तेवढ्यात दवाखान्यातला पेशंट, अर्धा जबडा बधिर, तोंडात कापूस, धावत बाहेर आला आणि ‘‘ईत! ईत!’’ असं ओरडत वीट शोधू लागला. त्याला कुठेच मिळेना, कारण सगळ्या आमच्या घरात होत्या. शेवटी बायकोने एक आणून चाकाखाली सारली.

डॉक्टर रोज तेच करत होते, दादा. गाडी घसरलेली दिसली की अडवायचे आणि वीट लावायचे, आणि मी ती पुरावा म्हणून काढायचो. त्यांचं उजवं मनगट सुजलं आहे. आठ दिवस दवाखाना बंद. बायकोची कवळी लांबली. ती मऊ भात खाते आणि माझ्याकडे बघते. हे बघणं कवळी लांबण्यापेक्षा वाईट आहे. घरातल्या विटा मी परत नेऊन दिल्या, पण माफीचा शब्द काही तोंडातून फुटेना.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. १ : आता हँडब्रेक घट्ट ओढतो, उतार असल्याने रिव्हर्स गिअर टाकतो, पुढची चाकं फुटपाथकडे वळवतो, वर वीट. मात्र गिअरमधली गाडी सुरू करताना क्लच दाबायचा असतो, हे काल कळलं. गाडीने मागे उडी मारली. फाटक दुरुस्तीला दिलं आहे.

ता. क. २ : पत्र लिहायचं खरं कारण. ‘गाडी देताना हँडब्रेक ढिला होता, तुला सांगायला विसरलो, दोष माझा’ अशा अर्थाचं दोन ओळींचं पत्र मला पाठव. तारीख महिन्यापूर्वीची टाक. मी ते बायकोला आणि डॉक्टरांना वाचून दाखवीन. शुद्धलेखन मी बघून घेईन.

ता. क. ३ : भावजी, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं होतं. काही लिहून पाठवू नका. किल्ली देताना गिअरचं तुम्ही दोनदा सांगितलं होतंत, मी तिथेच उभी होते. डॉक्टर आज डाव्या हाताने माझी कवळी बसवून गेले. यांनी एकदाचं माफी मागायला तोंड उघडलं, तर डॉक्टरांनी आत डोकावून सांगितलं की एक दाढ किडली आहे. तेव्हापासून हे आरशासमोर उभे आहेत. म्हणतात, कालपर्यंत ती शाबूत होती.