यादीतलं पहिलं बोट

४ फेब्रुवारी

नवा फोन परत पाठवला. वरचं प्लॅस्टिकही न काढता, खोक्यासकट. कुरिअरवाल्याने विचारलं, "आत काय?" म्हटलं, भेट. "कुणाला?" म्हटलं, जिने दिली तिलाच. त्याने एकदा मान वर केली आणि पावती फाडली.

मुलीला कळवलं — मोठा आहे, माझ्या हातात मावत नाही. खोटं नाही. पुरतं खरंही नाही.

६ फेब्रुवारी

पोचला. तिचा फोन आला.

"आई, तुला माझं काहीच चालत नाही ना?"

तसं नाही गं.

"मग कसं?"

मागे तिच्या ऑफिसातली माणसं हसत होती.

"राहू दे. तू आणि तुझं ते डबडं. सुखात राहा दोघं."

९ फेब्रुवारी

तिचा फोन नाही.

डबडं म्हणजे हा, ज्याच्याकडे मी सारखी बघते तो. तिचाच जुना फोन. पत्त्यांच्या जोडाएवढा. ॲप्रनच्या खिशात जातो, वाकलं तरी पडत नाही. मी दातांच्या कवळ्या बनवते. एका हातात कायम मेण नाहीतर साचा. उरलेल्या हाताला जे पेलतं तेच माझं. अंगठा पडद्याच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. लॅबमधल्या पॉलिशवालीचा फोन ताटाएवढा आहे, तिला तो दोन्ही हातांनी धरावा लागतो. मला म्हणते, "ताई, तुमच्या फोनचे अजून दुधाचे दात पडले नाहीत वाटतं!"

१२ फेब्रुवारी

तिला सांगितलं नाही ते इथे.

नोकरीसाठी निघाली त्याच्या आदल्या दिवशी तिने हा फोन मला दिला. माझा अंगठा धरून त्यावर टेकवत राहिली. लागेना. "आई, जरा नीट! पोळपाट आहे का तो, एवढा दाबायला?" शेवटी लागला. ठशांच्या यादीत दोन बोटं दिसली. पहिलं तिचं, दुसरं माझं.

तुझं काढ आता, मी म्हटलं.

"असू दे. तू झोपलीस की गुपचूप बघता येईल, कोणाकोणाशी बोलतेस ते." हसली. घराची किल्लीही ठेवून घेतली.

पुढे प्लॅस्टरने आणि घासकामाने माझ्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या. फोनने मला ओळखायचं सोडलं. मी आकडा टाकून उघडते. तो कुणालाच सांगितलेला नाही.

म्हणजे माझा फोन माझ्या बोटाने उघडत नाही. तिच्या बोटाने उघडेल. कपाट तिने पार रिकामं केलं, एक क्लिपसुद्धा मागे ठेवली नाही. एवढंच राहिलंय. नव्या फोनमध्ये ते कुठून आणू?

असलं बोलून कसं दाखवायचं? ती हसेल. किंवा हसणार नाही. ते जास्त वाईट.

१३ फेब्रुवारी

नाही आला.

१७ फेब्रुवारी

बॅटरी दुपारच्या आत मान टाकते. आज दातांच्या डॉक्टरीणबाई रंग सांगत होत्या — "किंचित पिवळट, पण" — आणि बंद! पण काय? अंदाजाने केलं. संध्याकाळी कवळी परत आली. मालक म्हणाले, "बाई, त्या खेळण्याचा काहीतरी बंदोबस्त करा. पेशंटला दात हवेत, कोडं नकोय."

१९ फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्याकडे.

"बॅटरी मिळेल. पण पाठ उचकटावी लागते, आणि बोट ओळखायची पट्टी तिथेच चिकटलेली. तुटते बऱ्याचदा."

मग?

"मग काय? आकडा टाकायचा. तसंही तुम्ही आत्ता आकडाच टाकलात की!"

म्हटलं, राहू द्या.

"अहो, बोटाने उघडतच नाही, मग सांभाळताय कुणासाठी?"

फोन त्याच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. शोभलं नाही. दारापर्यंत पाठीवर त्याची नजर.

२२ फेब्रुवारी

आता घरी असला की ओट्यावरच्या प्लगला. सलाईन लावलेल्या पेशंटसारखा. मी त्याच्याशेजारी उभ्यानेच जेवते.

तिने स्वतःचा फोटो बदललाय. केस कापलेत! पूर्वी आधी मला विचारायची — आणि मी सांगेन त्याच्या बरोबर उलटं करायची. आता कुणाला विचारलं असेल? फोटो वाटाण्याएवढा. मोठा केला तर चेहरा मावतो, केस मावत नाहीत. केस आणले तर हनुवटी जाते.

मोठा फोन असता तर सगळी दिसली असती. हं.

२६ फेब्रुवारी

जेवताना पॉलिशवालीला सांगून बसले. ती चावायची थांबली.

"हे तिला माहीतच नाही?"

नाही.

"मग ती काय समजणार, ताई? आईने तोंडावर फेकलं, हेच ना! कमाल करता तुम्ही."

थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या आईने मला असं काही सांगितलं असतं तर—" आणि डबा धुवायला उठली. डबा अर्धा भरलेला होता.

२७ फेब्रुवारी

लिहिलं. खोडलं. परत लिहिलं, फार लांबलं. खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं:

नवा नको होता, कारण जुन्यात तुझं बोट आहे. माझं आता चालत नाही. तुझं चालेल.

तिने लगेच वाचलं. काहीतरी लिहिते आहे असं दिसलं. थांबलं. परत दिसलं.

मग काही नाही.

२ मार्च

उत्तर नाही. पाठवायला नको होतं. आपलं आपल्यापाशी असतं तेव्हा निदान आपलं असतं.

एका कवळीचे वरचे पुढचे दोन दात आज जरा पुढे बसले. मालक म्हणाले, "हा माणूस झोपेतही हसेल." उखडून पुन्हा लावले.

४ मार्च

फोन घरीच राहिला, प्लगला. सकाळभर हात रिकाम्या खिशाकडे.

हे लॅबमध्येच लिहितेय, वही पिशवीत होती म्हणून. लॅबच्या फोनवर डॉक्टर लोक दातांचे फोटो पाठवतात. आत्ता पॉलिशवालीने तो माझ्यापुढे धरला. "ताई, हे काय? तुमच्याच नंबरवरून आलंय." दोन जबड्यांच्या फोटोंमध्ये एक ओळ होती:

दूध नासलंय. येताना आण.

हात धुतले. मालकांना विचारलं नाही. निघाले.