चकतीवर ठेवलेला फोन

४ जानेवारी
वहीबाई, माफ कर. दिवाळीपासून तुला हात लावला नाही. चष्मा हरवला होता. डोक्यावरच निघाला.
लेक दामिनी नागपूरच्या दवाखान्यात आहे, दिवस भरले. अंकुर जावई म्हणाले, मामाजी, बाळाचा पहिला व्हिडिओ कॉल तुम्हालाच. म्हणजे आता फोन एक क्षणही बंद पडता कामा नये. जावयांनीच बिनवायरची चार्जिंग चकती पाठवली आहे. फोन वर ठेवायचा, बस्स. बायको केसर म्हणते, "बिनवायरची, तं मंग भिंतीत हे शेपूट कायचं गेलं?" तिला विज्ञान कळत नाही. मी सातवीपर्यंत शिकलो आहे.

५ जानेवारी
परीक्षा घेतली. वायरवर भाकरी होईपर्यंत फोन भरला. चकतीवर भाकरी झाल्या, भाजी झाली, भांडी झाली, तरी अर्धाच. पण वायर म्हणजे पाटाचं पाणी. चकती म्हणजे ठिबक. संत्र्याला काय मानवतं? ठिबक! पानठेल्यावर हेमराजला तासभर समजावलं. वायरीने वालाचा वेल बांधून टाकला.

६ जानेवारी, शनिवार
जामसांवलीहून पितळी मारुती आणला. फोनच्या पाठीशी, कव्हरच्या आत ठेवला. चकतीच्या कागदावर लिहिलं आहे, मधे धातू ठेवू नये; पण देव म्हणजे काय धातू? आता चिंता नाही.
केसर डिंकाचे लाडू घेऊन नागपूरला गेली. वेल सोडून वायरही नेली. "तुमची चकती तुमालेच लखलाभ." मी म्हशीपाशी.

७ जानेवारी, सकाळ
आकडा हलत नाही. पण फोनची पाठ अशी तापली की हात ठेववत नाही. म्हणजे करंट जोरात जाऊन राहिला. मारुतीही गरम. जागृत देव!
दुपार
सात टक्के. ठिबक मुरायला वेळ लागतोच.
सांज
पडदा काळा. आराम करत असेल. कोणाकडे वायर मागावी, तर हेमराजपर्यंत जाईल. नको.

८ जानेवारी
शेजारच्या लीलाबाई कुंपणावरून ओरडल्या, "अभिनंदन भाऊजी! केसरबाईचा फोन आल्ता. तुमाले तं व्हिडिओच आला असन?" मी म्हणालो, तर! नाक माझ्यावर गेलं आहे. त्या म्हणाल्या, मग तोंड गोड करा.
मुलगा झाला की मुलगी? आता विचारू कसं? मुलगा असेल तर पेढे, मुलगी असेल तर संत्रा बर्फी. चुकलो तर सारं पांढुर्णा हसेल. डोकं चालवलं. दोन्ही आणले, दोन्ही वाटले.
सांज
हेमराजने पानठेल्यावर मला उचलून नाचवलं. जुळं झालं म्हणे! नदीपलीकडे सावरगावातही बातमी पोहोचली. कोणी दोन झबली आणून दिली. मीही नाचलो. लीलाबाई धावत आल्या, "काहो भाऊजी, दुसरं कवा झालं?" मी म्हणालो, मागाहून.
दामिने, पोरी, फोन चकतीवरच आहे. पेढे की बर्फी, तेवढं तरी लवकर कळव.