झारीची बारा चित्रं

१२ जून

चि. बुरशीबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा छापून आलेला लेख पोचला. पहिलं वाक्य समजलं, दुसऱ्याला धाप लागली, तिसऱ्यापाशी चष्मा काढून ठेवला. धाकट्याला वाचायला दिला, तर तो म्हणाला, यातलं 'आणि' तेवढं मला कळतं. पण वर नाव तुझं आहे, म्हणून शेजारच्या शिंपीकाकांना दाखवून आलोच. तू नऊ वर्षांची असताना डब्यात पाव विसरलीस आणि त्याला निळे केस फुटले, ते आठवतं? तुझी आई डबा फेकायला निघाली होती, आणि आपण दोघं भिंग घेऊन बसलो. पावाचा तुकडा बरणीत घालायचा आणि रोज त्याचं चित्र काढायचं, हा तेव्हाचा नेम मी धाकट्याच्या नजरेआड अजून पाळतो आहे. चित्रकलेचा मास्तर निवृत्त झाला, तरी हात कुठे ऐकतो?

सांध्यांची सूज उतरेना म्हणून डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्यात. भूक अशी लागते की धाकटा म्हणतो, आता खुर्च्या तेवढ्या लपवून ठेवतो. या गोळ्यांवर असताना काही सांभाळायचं असतं का? तुला ठाऊक असेल तर कळव. फोनवर मला धड ऐकू येत नाही, पत्रातच लिही.

इकडची माया तुला ठाऊक आहे, तिकडची अधूनमधून कळवत जा.
आप्पा


३० जून

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

लेख सोपा करून सांगते. आपल्या रक्तातल्या पहारेकरी पेशी बुरशीला हात लावून ओळखतात. ओळख पटली की पेशीच्या आत निरोप जातो, एकाकडून दुसऱ्याकडे, आणि मग कुमक धावून येते. काही घराण्यांत हा निरोप जन्मापासूनच मधे अडकतो. माझ्याकडे सात वर्षांची एक मुलगी येते. आपण दिवसभर जी हवा घेतो, तिच्यातल्या बुरशीनंही ती आजारी पडते. निरोप नेमका कुठे अडकतो हे शोधण्यात माझी अकरा वर्षं गेली. आता धागा हाती लागल्यासारखा वाटतोय.

डिसेंबरात माझं मोठं व्याख्यान आहे. फोटो सगळेच दाखवतात, मला तुमची चित्रं हवीत. जिच्या टोकाला झारीच्या तोंडासारखा गोंडा येतो, आणि म्हणून तुम्ही जिला झारी म्हणता, तिचीच. उगवल्यापासून पिकेपर्यंत बारा चित्रं काढा, अगदी जवळून. मास्तर, गृहपाठ वेळेवर हवा!

घाईत लिहिते आहे, बाहेर विद्यार्थी खोळंबलेत. रागावू नका, लोभ आहे तसाच ठेवा.
तुमची बुरशीबाई


२२ ऑगस्ट

चि. बुरशीबाईस,
अनेक आशीर्वाद.

आठ चित्रं सोबत आहेत. काचेवर आतून दव धरतं आणि गोंडा दिसत नाही, म्हणून झाकण काढूनच बसतो. नाक जवळजवळ बरणीत असतं. झारी पिकली की नुसत्या श्वासानं तिच्यातून धुरळा उडतो, तो रंगात पकडायला तीन दिवस गेले. आठवं चित्र बघ, जमलाय. इतकं मन लावून काम मी तुझी आई गेल्यापासून केलं नव्हतं.

बरण्या कॉटखाली दडवल्यात. धाकट्याला दिसल्या तर बरण्यांबरोबर मलाही बाहेर ठेवील. गोळ्या दुप्पट झाल्यात. थोडा खोकला आहे, पण चित्र काढताना येत नाही. गोळ्यांचं विचारलं होतं, ते तुझ्याकडून राहिलं वाटतं. सवडीनं लिही.

तुझ्या कामाच्या रगाड्यात या म्हाताऱ्याला एक कोपरा राहू दे.
आप्पा


९ सप्टेंबर

ती. आप्पांस,
शि. सा. न.

चित्रं पाहून सगळी प्रयोगशाळा गोळा झाली. आठवं तर आमच्या साहेबांनी भिंग लावून दोनदा पाहिलं, आणि त्यांनी काही दोनदा पाहणं म्हणजे नवलच! उरलेली चार लवकर पाठवा, छपाईला द्यायची आहेत. खोकल्यासाठी गरम पाणी घेत जा, हवा बदलते आहे.

बाकी सविस्तर पुढे लिहीन. लोभात कसूर नको.
तुमची बुरशीबाई


२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू परत गेलीस त्याला पंधरा दिवस झाले. घर खायला उठतं. आप्पांची खुर्ची मी भिंतीकडे तोंड करून ठेवली, मग वाईट वाटलं आणि पुन्हा फिरवली.

ताई, एक विचारायचं आहे, खरं सांग. आप्पांच्या फुप्फुसात बुरशी गेली, असं डॉक्टर म्हणाले. घरात कुठे ओल आहे का, असं त्यांनी मला विचारलं होतं. न्हाणीघराच्या भिंतीला दोन वर्षांपासून ओल आहे. आप्पा दहादा म्हणाले, गवंड्याला बोलाव, आणि मी आज-उद्या करत राहिलो. तू इथे असतानाच मी ती खरवडून काढली, पण वरातीमागून घोडं. तुझा जन्म यात गेला आहे, तुझ्याइतकं कोणाला कळणार? त्या भिंतीनंच आप्पा गेले का? मला जेवण जात नाही.

दवाखान्यातून आणलेल्या पिशवीत तुझ्या नावाचं बंद पाकीट सापडलं. न उघडता पाठवतो आहे.

तुझ्याशिवाय आता मला मोठं कोणी नाही, एवढं ध्यानात असू दे.
धाकटा


(पाकिटातलं पत्र)

३ ऑक्टोबर

चि. बुरशीबाईस,
आशीर्वाद.

दवाखान्यात पडूनच लिहितो आहे, अक्षराला हसू नकोस. तीन चित्रं आधीच तयार होती. बारावं इथे काढलं. माझ्या बेडक्याचा नमुना तपासणाऱ्या बाईंनी त्याचा फोटो छापून आणून दिला, मीच हट्ट धरला होता. यात झारीचा गोंडा नाही, नुसत्या फाटे फुटलेल्या फांद्या आहेत. पण घराणं तेच, असं बाई म्हणाल्या. तू जवळून मागितली होतीस. याहून जवळून मला जमणार नाही.

बरण्या मी शिंपीकाकांकरवी टाकून दिल्या. धाकट्याला यातलं काही सांगू नकोस, तो तुला बोलेल. तूही मनाला लावून घेऊ नकोस. बरण्यांनीच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, बुरशी हवेत सगळीकडेच असते, असं डॉक्टर म्हणतात. तू तेवढंच धरून राहा.

व्याख्यान चांगलं दे. माझा आशीर्वाद मी असलो-नसलो तरी चालू राहील.
आप्पा


२० नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आप्पांनी मला एक गोष्ट तुझ्यापासून लपवायला सांगितली आहे. आजवर त्यांचा शब्द मोडला नाही, आज मोडते.

तुझ्या भिंतीचा यात काही दोष नाही. मी चित्रं मागितली म्हणून आप्पा दोन महिने कॉटखाली पावाच्या बरण्या ठेवून, झाकण काढून, त्यांत नाक घालून बसत होते. त्या गोळ्यांनी त्यांच्या पेशींचा निरोप दबला होता आणि श्वासातून आत गेलेली बुरशी कोणी अडवली नाही. डॉक्टर म्हणतात खात्री देता येत नाही. मला आहे. हे त्यांनी मला पत्रात स्वतः लिहिलं होतं, गोळ्या, झाकण, खोकला, सगळं. मी चित्रं पाहिली आणि पत्र बाजूला ठेवलं.

तुला आठवतं, तू स्टुलावर चढून भिंत खरवडत होतास आणि रडत होतास? मी दारात उभी होते. मला तेव्हाही सगळं माहीत होतं. तोंड उघडलं नाही. याची मला बरण्यांहून जास्त लाज वाटते.

डिसेंबरातल्या व्याख्यानात ती बाराही चित्रं मी दाखवणार आहे, आणि बारावं दाखवताना हे सगळं सांगणार आहे. बुरशीनं आजारी पडणारी सात वर्षांची एक मुलगी माझ्याकडे येते, तिच्या आईला मी कालच बसवून घेतलं आणि तिचे सगळे प्रश्न संपेपर्यंत उठले नाही. उशिरा शिकले.

आप्पांनी मला दोनदा विचारलं होतं, या गोळ्यांवर असताना काय सांभाळायचं असतं. उत्तर एका ओळीचं होतं. आप्पा, बरणीचं झाकण उघडू नका.

जेवत जा. पत्राखाली लोभ ठेव असं लिहायची रीत आहे, आजवर ते न बघता लिहीत आले. आज खरंच विचारते आहे. ठेवशील का?
ताई